कोल्चिसिनने पेशीविभाजन थांबवणे: कांद्याच्या मुळापासून गुणसूत्रांच्या मोजणीपर्यंत

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाग्राची स्लाइड केली नाही असा विज्ञानशाखेचा विद्यार्थी नाशिक जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण आहे. त्या स्लाइडवर विभाजनाच्या अवस्था ओळखता येतात, आकृती काढता येते आणि गुणही मिळतात. परंतु ‘या पेशीत गुणसूत्रे किती, ते मोजून दाखवा’ असे कोणी म्हटले की अडचण सुरू होते. मध्यावस्थेतील, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत आलेल्या टप्प्यातील, पेशी मुळातच थोड्या असतात, आणि ज्या सापडतात त्यांतील गुणसूत्रे मध्यरेषेवर इतकी दाटीने उभी असतात की मोजणी दहा-बाराच्या पुढे खात्रीने सरकत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी प्रयोगशाळेत जे रसायन सर्वाधिक वापरले गेले ते कोल्चिसिन. पदव्युत्तर प्रकल्प करणारे विद्यार्थी, त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक आणि बियाणे संशोधनात नव्याने आलेली मंडळी यांच्यासाठी त्याच्या वापराची रीत येथे क्रमाने मांडली आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोल्चिसिन कोणत्याही पेशीला विभाजनास प्रवृत्त करत नाही. जी पेशी आपल्या गतीने मध्यावस्थेपर्यंत येते तिला ते तेथे अडवते, एवढेच त्याचे काम. जकात नाक्यावर गाड्यांची रांग लागावी तशा पेशी मध्यावस्थेत साचतात. पण मुळात रस्त्यावर वाहतूकच नसेल तर नाका कितीही कडक ठेवून रांग लागणार नाही. म्हणून मुळे जोमाने वाढत नसतील तर द्रावण तीव्र करून किंवा वेळ वाढवून काहीही साधत नाही, आणि या प्रयोगाचे निम्मे यश कोल्चिसिनची कुपी उघडण्यापूर्वीच ठरलेले असते.

रसायन नेमके काय करते

विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन ध्रुवांकडे ओढणारे तर्कुतंतू सूक्ष्मनलिकांचे बनलेले असतात, आणि सूक्ष्मनलिका ट्युब्युलिन या प्रथिनाचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तयार होतात. कोल्चिसिन ट्युब्युलिनच्या रेणूला जाऊन चिकटते, त्यामुळे नवी जोडणी होऊ शकत नाही आणि तर्कू, म्हणजे या तंतूंचा सांगाडा, उभाच राहत नाही. गुणसूत्रे आखडून जाड झालेली असतात, त्यांची दोन-दोन अर्धगुणसूत्रेही स्पष्ट असतात, पण त्यांना रांगेत आणणारे व ओढणारे काही नसल्यामुळे ती पेशीभर विखुरलेली राहतात. मोजणाऱ्याला नेमके हेच हवे असते. अर्थात पेशी तेथे कायमची थांबत नाही. बराच काळ वाट पाहिल्यावर ती विभाजन अर्धवट सोडते, सर्व गुणसूत्रांभोवती एकच केंद्रक तयार होते आणि त्या पेशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. थोडा वेळ दिला तर मोजणी आणि जास्त वेळ दिला तर बहुगुणितता, असे या एकाच रसायनाचे दोन उपयोग आहेत. त्यांची सरमिसळ झाली की प्रयोग फसतो.

कोल्चिसिन हे कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीच्या कंदात व बियांत आढळते. पेलेतिए व कॅव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये त्या वनस्पतीतून हा अल्कलॉइड वेगळा केला. १९३७ मध्ये ब्लेकस्ली व एव्हरी यांनी त्याच्या साहाय्याने धोतऱ्यासारख्या वनस्पतींत गुणसूत्रे दुप्पट करून दाखवली, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनमधील अल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवरील त्याच्या परिणामांचे बारकाईने वर्णन केले. मानवी पेशीत ४८ नव्हे, ४६ गुणसूत्रे असतात हे १९५५ च्या अखेरीस तिओ आणि लेव्हान यांना दिसले, त्यातही कोल्चिसिनचा वापर होता. म्हणजे आपल्या वर्गातील कांद्याचा प्रयोग आणि तो शोध यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

आपल्याकडे हेच द्रव्य कळलावीत असते. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर, अंजनेरीच्या बाजूला कुंपणाच्या जाळीवर चढलेली लालपिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुले अनेकांनी पाहिलेली असतील. तिच्या कंदापासून घरच्या घरी अर्क काढून प्रयोग करावा अशी कल्पना दर काही वर्षांनी एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या डोक्यात येतेच. ती तेथेच थांबवावी. कंद विषारी असतो, अर्कातील प्रमाण कळत नाही, आणि प्रमाण न कळलेल्या द्रावणातून निघालेल्या निष्कर्षाला किंमत नसते. गाउट या प्रकारच्या संधिवातावरील कोल्चिसिनच्या गोळ्या कुटून वापरण्याचा मार्गही असाच टाकाऊ आहे, कारण गोळीत औषधाहून भरणद्रव्येच अधिक असतात.

हाताळणीचे नियम

कोल्चिसिन अत्यंत विषारी आहे. काही मिलिग्रॅम पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि त्यावर सहज उपलब्ध असलेला असा नेमका उतारा नाही. आणखी घातक बाब अशी की लक्षणे लगेच दिसत नाहीत. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात आणि तोवर माणूस निर्धास्त असतो. त्यामुळे तोंडात, डोळ्यांत किंवा जखमेवर द्रावण गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता, रसायनाचे नाव स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जावे.

नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा ॲप्रन, चष्मा आणि भुकटी हाताळताना मास्क, एवढे अनिवार्य समजावे. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय येथे पूर्णपणे वर्ज्य आहे. गर्भवती महिलांनी किंवा नजीकच्या काळात अपत्याचा विचार करणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. माझे स्पष्ट मत असे की पदवीच्या वर्गात कोल्चिसिनची कुपी विद्यार्थ्यांच्या हाती देऊच नये. द्रावण शिक्षकांनी किंवा अनुभवी प्रयोगशाळा सहायकांनी करावे, आणि कुपी कुलपात ठेवून प्रत्येक वापराची नोंद वहीत तारीख, प्रमाण व सहीसह व्हावी.

कांदा कोणता घ्यावा

या बाबतीत नाशिककरांइतके भाग्यवान कोणी नाही, परंतु बाजारातला प्रत्येक कांदा या कामाचा असतो असे नाही. मार्च अखेरीपासून मेपर्यंत निघणारा उन्हाळ कांदा काढणीनंतर सुप्तावस्थेत असतो; तो कांदाचाळीत महिनोन्महिने टिकतो तो याच गुणामुळे, आणि याच गुणामुळे मे-जूनमध्ये पाण्यावर ठेवल्यास त्याला मुळे फुटायला वेळ लागतो. तोच कांदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चाळीत राहिला, त्याच्या मानेत हिरवा कोंब डोकावू लागला, की मुळे पटकन येतात. खरिपाचा लाल कांदा टिकाऊ नसतो आणि व्यापारी त्याला त्यासाठी नावे ठेवतात. आपल्या दृष्टीने तोच उत्तम, कारण तो मुळे धरायला फारसा वेळ घेत नाही.

आकाराने गोल्टी, म्हणजे लहान कांदा, निवडावी. बाजारात तिला भाव कमी मिळतो, पण लहान बाटलीच्या किंवा चंचुपात्राच्या तोंडावर ती नेमकी बसते आणि बुडाशी मुळांचे दाट वर्तुळ देते. कांदा दाबून घट्ट आहे ना, बुडाशी काळी बुरशी नाही ना, हे पाहावे.

विकिरण प्रक्रिया केलेला कांदा मात्र टाळावा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे केंद्र २००२ पासून आहे. तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब येणे रोखले जाते. खाण्यासाठी असा कांदा सुरक्षित असतो, पण जो मुद्दाम विभाजनक्षम पेशी निकामी करून टिकवला आहे त्याच्याकडून विभाजनाच्या प्रयोगाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. कोंब येऊ नये म्हणून शेतात मॅलिक हायड्राझाइड फवारलेल्या कांद्याबाबतही हीच अडचण येते. म्हणून शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून, फवारण्यांची माहिती विचारून कांदा आणावा.

संशोधनासाठी जातीची खात्री लागत असेल तर कांद्याऐवजी बियाण्यापासून मुळे काढणे श्रेयस्कर. एन-५३ किंवा ॲग्रिफाउंड लाइट रेड अशा जातींचे त्याच वर्षीचे बियाणे ओल्या टिपकागदावर पेट्रीडिशमध्ये ठेवले तर काही दिवसांत एकसारखी मुळे मिळतात. कांद्याचे बियाणे लवकर जुने होते आणि जुन्या बियाण्याच्या मुळांत गुणसूत्रांचे दोष वाढलेले असतात, हे लक्षात ठेवावे. रंगीत बियाणे असेल तर त्यावर बुरशीनाशकाचा थर आहे असे समजून ते आधी भरपूर धुवावे. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक स्वतःच बुरशीच्या ट्युब्युलिनवर काम करते. आपल्या प्रयोगात अशी दुसरी ढवळाढवळ नको.

मुळे वाढवणे

कांद्याची बाहेरची सुटी टरफले काढावीत. बुडाशी जुन्या वाळलेल्या मुळांची जी तपकिरी चकती असते ती धारदार ब्लेडने अगदी पातळ खरवडावी, मात्र तिच्या कडेला असलेले मुळांचे वर्तुळ कापले जाऊ नये. ओलसर पांढरा भाग दिसू लागला की थांबावे. कांदा बाटलीच्या तोंडावर असा ठेवावा की पाणी फक्त बुडाला टेकेल. अर्धा कांदा बुडवून ठेवला तर दोन दिवसांत तो कुजू लागतो आणि प्रयोगशाळेत त्याचा वास राहतो तो वेगळाच.

नळाच्या पाण्यातील क्लोरिनने मुळांची वाढ मंदावते. पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे आणि रोज बदलावे. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस असावे. डिसेंबर-जानेवारीत ही अट सहज मोडते. निफाड भागात पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा शहरातील प्रयोगशाळेची खोलीही रात्री चांगलीच गार पडते आणि मुळे जवळजवळ थांबतात. इनक्युबेटर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बाटल्या ठेवून रात्रीची थंडी तरी टाळावी.

मुळे दीड ते दोन सेंटिमीटर झाली की ती कामाला तयार आहेत. टोक अपारदर्शक पांढरे, किंचित पिवळसर आणि टणक दिसले पाहिजे. काचेसारखे पारदर्शक, तपकिरी किंवा बुळबुळीत टोक असेल तर त्या मुळात विभाजन चाललेले नाही. पाच-सहा सेंटिमीटर लांब, एकमेकांत गुंतलेली मुळे दिसायला भरघोस असली तरी त्यांचा जोम ओसरलेला असतो.

द्रावण तयार करणे

सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे भुकटी तोलणे. ते टाळण्याची सोपी युक्ती अशी की १०० मिलिग्रॅमची कुपी विकत घ्यावी आणि कुपीतच पाणी घालून सर्वच्या सर्व विरघळवावी. पंखा बंद करावा. कुपी हलकेच टेबलावर ठोकून भुकटी तळाशी आणावी, झाकण सावकाश उघडावे आणि ड्रॉपरने काचेच्या भिंतीवरून थोडे ऊर्ध्वपातित पाणी सोडावे, म्हणजे धूळ उडत नाही. कोल्चिसिन पाण्यात चांगले विरघळते. हे पाणी दुसऱ्या गडद बाटलीत ओतून कुपी दोन-तीनदा धुवावी, धुवणही त्यातच मिळवावे आणि एकूण आकारमान १० मिलिलिटर करावे. हे झाले १ टक्का साठ्याचे द्रावण.

कांद्यासाठी ०.०५ टक्के द्रावण पुरते. अर्धा मिलिलिटर साठा आणि साडेनऊ मिलिलिटर पाणी मिळून १० मिलिलिटर कामाचे द्रावण होते. म्हणजे दर मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. कोल्चिसिनचा रेणुभार ३९९.४ असल्याने हे प्रमाण सुमारे १.२५ मिलिमोलर येते. मानवी रक्तपेशींच्या गुणसूत्र चाचणीत याच जातीचे कोल्सेमिड मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरते, हे पाहिले तर आपले प्रमाण हजारो पटींनी मोठे आहे असे लक्षात येईल. वनस्पतींच्या ट्युब्युलिनला कोल्चिसिन प्राण्यांच्या ट्युब्युलिनइतके घट्ट चिकटत नाही, हे त्याचे कारण. याचाच दुसरा अर्थ असा की ज्या द्रावणाने कांद्याची पेशी जेमतेम अडते ते माणसाच्या पेशींसाठी फारच जहाल असते.

प्रकाशात, विशेषतः अतिनील किरणांत, कोल्चिसिनचे रूपांतर ल्युमिकोल्चिसिनमध्ये होते आणि ते ट्युब्युलिनला अडवत नाही. म्हणून बाटली गडद काचेची असावी किंवा तिच्यावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी, द्रावण फ्रिजमध्ये ठेवावे आणि कामाचे द्रावण त्याच दिवशी करून वापरावे. खाण्याच्या वस्तू ठेवल्या जातात त्या फ्रिजमध्ये ही बाटली कधीही ठेवू नये.

मुळांवर प्रक्रिया

मुळे कांद्यावरच ठेवून आख्खा कांदा द्रावणावर बसवता येतो, पण त्यासाठी खूप द्रावण लागते आणि तेवढाच विषारी टाकाऊ द्रव तयार होतो. माझ्या मते टोकाकडील एक ते दीड सेंटिमीटर भाग कापून लहान कुपीत ५ मिलिलिटर द्रावणात बुडवणे अधिक शहाणपणाचे आहे. कुपीत १५ ते २० मुळांपेक्षा जास्त गर्दी करू नये. कुपी आडवी ठेवावी, म्हणजे द्रवाचा थर उथळ राहून मुळांना हवा मिळते. अंधारात, २० ते २५ अंशांवर ३ ते ४ तास ठेवावी आणि मधूनमधून हलवावी. त्याच कांद्याची तेवढीच मुळे साध्या पाण्यात, तितकाच वेळ, बाजूला ठेवावीत. ही तुलनेची मुळे वगळण्याचा मोह वेळ वाचवण्यासाठी होतो. ती नसतील तर स्लाइडवर जे दिसते ते रसायनामुळे आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

तीन-चार तासच का, याचा हिशेब ढोबळपणे मांडता येतो. मुळाग्रातील पेशीचे एक चक्र सुमारे २० तासांचे धरले आणि पेशी आपापल्या वेळेने फिरत असतील, तर चार तासांत त्यांतील साधारण पाचवा हिस्सा विभाजनाच्या दाराशी येतो. तेवढ्या पेशी मोजणीस पुष्कळ झाल्या. वेळ आठ-दहा तासांवर नेला की गुणसूत्रे अति आखडून ठिपक्यांसारखी होतात, गुणसूत्रबिंदूची (दोन अर्धगुणसूत्रे जोडलेली असतात त्या ठिकाणाची) जागा ओळखता येत नाही आणि काही पेशी ३२ गुणसूत्रे घेऊन पुढे निघालेल्या असतात. मुळे सकाळी विशिष्ट घटकेलाच कापावीत असा एक आग्रह अनेक विभागांत पिढीजात चालत आला आहे. साध्या स्लाइडसाठी त्यात तथ्य असेलही. कोल्चिसिन वापरताना मुळांचा जोम आणि तापमान यांचे महत्त्व घड्याळापेक्षा जास्त.

वेळ संपल्यावर मुळे पाण्याने तीनदा धुवावीत. हे धुवण बेसिनमध्ये न ओतता कोल्चिसिनच्या टाकाऊ बाटलीत जमा करावे.

स्थिरीकरण, हायड्रोलिसिस आणि रंग

तीन भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल हे मिश्रण त्याच दिवशी करावे; शिळे ठेवल्यास त्यात एस्टर तयार होतो व त्याचा गुण कमी होतो. मुळे त्यात २४ तास ठेवावीत. लगेच काम करायचे नसेल तर नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवावीत. ॲब्सोल्यूट अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर मिळत असल्याने अनेक ठिकाणी तुटवडा असतो, तरी निळसर डिनेचर्ड स्पिरिटवर भागवू नये.

पुढची पायरी हायड्रोलिसिसची, म्हणजे आम्लाने पेशींना एकमेकांपासून सोडवण्याची. मुळे पाण्यात धुऊन १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते ८ मिनिटे ठेवावीत. वॉटर बाथचा आकडा न पाहता कुपीतील द्रवाचे तापमान थर्मामीटरने पाहावे, कारण दोन्हींत बराच फरक पडतो. या आम्लाने पेशींमधील पेक्टिनचा थर सैल होतो. मुळे मऊ झाली पण विरघळली नाहीत, ही योग्य खूण. त्यानंतर ती पुन्हा धुऊन ॲसिटोकार्मिनमध्ये अर्धा ते एक तास ठेवावीत. ॲसिटोकार्मिन घरचे करायचे असेल तर ४५ टक्के ॲसेटिक आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम कार्मिन मंद आचेवर उकळून, थंड करून गाळावे. हे काम धूरकक्षातच करावे. फॉइल्गन पद्धतीची सोय असेल तर ती निःसंशय सरस आहे, कारण तीत फक्त डीएनए रंगतो आणि मुळाचे नेमके विभाजनक्षम टोक गडद जांभळे होऊन डोळ्यांना वेगळे दिसते.

स्क्वॅश

स्क्वॅश म्हणजे मुळाचे टोक दाबून त्याच्या पेशी स्लाइडवर पसरवणे. चांगले झालेले सगळे काम येथे एका मिनिटात बिघडू शकते. रंगलेले मूळ स्वच्छ स्लाइडवर ४५ टक्के ॲसेटिक आम्लाच्या थेंबात ठेवावे आणि टोकाचा गडद भाग, जेमतेम एक ते दीड मिलिमीटर, ब्लेडने तोडून बाकीचे मूळ काढून टाकावे. विद्यार्थी हमखास पाच मिलिमीटरचा तुकडा घेतात. मग स्लाइडवर लांबट, विभाजन संपलेल्या पेशींची गर्दी होते आणि हव्या त्या पेशी तिच्यात हरवतात. टोकावरची मूलटोपीही सुईने ढकलून दूर केली तर बरे.

तुकडा लोखंडी सुईने बारीक करावा. सुईतील लोहाचा अंश कार्मिनचा रंग गडद करतो. कव्हरस्लिप एका कडेने टेकवत हलके सोडावी, म्हणजे बुडबुडा राहत नाही. मग आगकाडीच्या मागच्या टोकाने कव्हरस्लिपवर उभे, हलके ठोके द्यावेत. खाली गुलाबी ठिपका असतो तो प्रत्येक ठोक्यागणिक पसरत, फिकट धुक्यासारखा होत जातो. तो एकसारखा पसरला की थांबावे. स्लाइड स्पिरिट लॅम्पवरून दोन-तीनदा झरझर फिरवावी. तळहाताच्या मागच्या बाजूला सुसह्य गरम लागेल इतकीच ती तापावी, द्रव उकळता कामा नये. शेवटी टिपकागदाच्या घडीत स्लाइड ठेवून अंगठ्याने सरळ खाली, पूर्ण जोराने दाबावे. त्या क्षणी कव्हरस्लिप किंचित जरी बाजूला सरकली तरी पेशी लाटण्याखाली सापडल्यासारख्या गुंडाळल्या जातात आणि ती स्लाइड वाया जाते. कडा नेलपॉलिशने बंद केल्या की तात्पुरती स्लाइड काही दिवस टिकते.

काय पाहावे आणि काय मोजावे

दहा पटीच्या भिंगाखाली गडद, मोकळ्या पेशी शोधाव्यात, चाळीसवर त्यांची निवड करावी आणि मोजणी शंभर पटीच्या तेलभिंगावर करावी. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे ८ जोड्या असतात. कांद्याचा जनुकसंच मानवी जनुकसंचाच्या सुमारे पाचपट मोठा असल्याने ही गुणसूत्रेही मोठी आहेत, आणि या प्रयोगासाठी कांदा जगभर निवडला जातो त्याचे एक कारण हेच. बहुतेक जोड्यांचा गुणसूत्रबिंदू मध्याजवळ असतो. एका जोडीचा मात्र टोकाच्या बाजूला असून तिच्या आखूड भुजेवर बारीक उपांग असते. ही जोडी ओळखता आली तर स्लाइड खरोखर चांगली झाली असे समजावे.

एका पेशीवर निष्कर्ष काढू नये. स्क्वॅश करताना पेशी फुटून एखादे गुणसूत्र बाहेर गेले तर १५ भरतात, शेजारच्या पेशीतील एखादे घुसले तर १७. निरनिराळ्या मुळांतील अखंड कडा असलेल्या पेशी मोजाव्यात आणि ज्यात शंका वाटते ती पेशी वहीत ‘शंकास्पद’ म्हणूनच नोंदवावी. प्रत्येक पेशीचे छायाचित्र घेऊन त्यावर अंक टाकत मोजले तर दुसऱ्याला ती मोजणी तपासता येते.

कोल्चिसिनने काम केले की नाही याची सर्वांत विश्वासार्ह कसोटी पश्चावस्था, म्हणजे अर्धगुणसूत्रे दोन ध्रुवांकडे सरकण्याचा टप्पा, ही आहे. तर्कू नसेल तर अर्धगुणसूत्रे दोन ध्रुवांकडे जाऊच शकत नाहीत. म्हणून पाण्यातील मुळांच्या स्लाइडवर पश्चावस्थेतील पेशी दिसाव्यात आणि कोल्चिसिनच्या स्लाइडवर त्या जवळजवळ नाहीशा व्हाव्यात. पूर्वावस्था, म्हणजे विभाजनाचा आरंभीचा टप्पा, दोन्हींकडे दिसेल, त्याने गोंधळून जाऊ नये. कोल्चिसिनच्या स्लाइडवरही सुबक पश्चावस्था दिसत असतील तर द्रावण प्रकाशाने निकामी झाले आहे किंवा मुळांत नीट शिरलेले नाही. दोन्ही स्लाइडवर विभाजनच दिसत नसेल तर दोष कांद्याचा, पाण्याचा किंवा थंडीचा आहे. अशा वेळी द्रावण बदलण्यात अर्थ नाही. पाण्यातील मुळांत विभाजन भरपूर आणि कोल्चिसिनच्या मुळांत सगळी गुणसूत्रे गोळा होऊन चिकटलेली, असे असेल तर मात्रा किंवा वेळ जास्त झाला. सगळेच फिकट असेल तर हायड्रोलिसिस आणि रंग तपासावा.

कोल्चिसिनवाचून भागत असेल तर

वर्गातील प्रात्यक्षिकासाठी बहुधा भागते. मुळे बर्फाच्या पाण्यात, सुमारे शून्य अंशाला, २४ तास ठेवली तरी सूक्ष्मनलिका मोडतात आणि मध्यावस्था साचतात. खर्च फक्त बर्फाचा. ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन थंड जागी ३ ते ४ तास वापरले तर गुणसूत्रांवरील आकुंचनेही सुरेख दिसतात. पॅराडायक्लोरोबेंझिनचे संपृक्त द्रावणही चालते, पण त्याची वाफ त्रासदायक असते. संशोधनात आता ओरायझॅलिन अधिक पसंत केले जाते, कारण ते वनस्पतींच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटते, अत्यल्प मात्रेत काम करते आणि प्राण्यांच्या ट्युब्युलिनवर त्याचा प्रभाव क्षीण असतो. त्याच कुळातील पेंडिमेथालिन आपले शेतकरी कांद्याच्या वाफ्यात तणनाशक म्हणून मारतात. तणांची मुळे ज्या कारणाने खुंटतात ते आणि आपल्या स्लाइडवरील मध्यावस्था ज्या कारणाने साचतात ते, एकच.

द्राक्ष बागायतदार कधी कधी विचारतात की कोल्चिसिन फवारून मण्यांचा आकार वाढवता येईल का. द्राक्षाच्या ३८ गुणसूत्रांची ७६ करता येतात हे खरे आहे, आणि चतुर्गुणित द्राक्षजाती जगात आहेत. पण ते काम वाढबिंदूवर किंवा ऊतिसंवर्धनातील कोंबावर, नियंत्रित मात्रेत, वर्षानुवर्षे निवड करत होते. गुणसूत्रे दुप्पट झाल्याने मणी दुप्पट होत नाही. उलट वाढ मंदावणे, फळधारणा घटणे हेही पदरी पडते. उभ्या बागेत हे विष फवारणे फवारणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दोघांनाही धोक्याचे आहे आणि त्याचा विचारही करू नये.

काम संपल्यावर

उरलेले द्रावण, धुवण, हातमोजे, ड्रॉपर आणि पुसण्याचे कागद यांपैकी काहीही बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जाऊ नये. द्रव पदार्थ घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि घन वस्तू वेगळ्या पिशवीत, दोन्हींवर ‘कोल्चिसिन, पेशीविषारी’ असे ठळक लिहून, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत सेवेकडे जाळून नष्ट करण्यासाठी द्याव्यात. अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाचे मिश्रण ज्वलनशील असल्याने त्याची बाटली वेगळी ठेवावी. टेबल आधी ओल्या कागदाने, मग साबणाच्या पाण्याने पुसावे. कोरड्या फडक्याने झटकू नये. हातमोजे उलटे करून काढावेत, हात साबणाने धुवावेत, आणि साठ्याची बाटली कुलपात परत ठेवताना तिच्यात किती मिलिलिटर उरले तेही वहीत लिहावे.